दहा नॅनोमीटरचं पॉलिस्टायरीन किती अंशांना मऊ पडतं? एका लांबलेल्या वादाचा प्रकरण अभ्यास

१९९४ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतून एक आटोपशीर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जोसेफ केडी, रिचर्ड जोन्स आणि आर. ए. कोरी या तिघांनी सिलिकॉनच्या चकत्यांवर पॉलिस्टायरीनचे पातळ थर चढवले, ते सावकाश तापवले आणि प्रत्येक थर किती अंशांना काचेचा कडकपणा सोडून मऊ पडतो ते मोजलं. जाड थरांचं उत्तर पाठ्यपुस्तकातलंच आलं, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास. जाडी ४० नॅनोमीटरच्या खाली गेली तसा मात्र आकडा घसरू लागला आणि सुमारे १० नॅनोमीटरच्या थरात तो साधारण २५ अंशांनी खाली आलेला होता. पदार्थ तोच, रेणू तेच. फरक फक्त जाडीचा.

या एका निरीक्षणावरून पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थांच्या, भौतिकीत पुढची वीस वर्षं आणि त्यानंतरही जो वाद चालला, त्याचा हा अभ्यास. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जागा अपुरी पडली म्हणून रेणूंची चाल बदलली, ही या प्रकरणाची सर्वांत सहज सुचणारी उकल होती आणि तिनेच सर्वांत जास्त दिशाभूल केली. चाल बदलते ती कडांमुळे. थराच्या वर मोकळी हवा आहे की धातूचं झाकण, खाली सोनं आहे की सिलिकॉनचं ऑक्साइड, यावर सगळं ठरतं. त्याखेरीज, मोजणारं उपकरण नेमकी कोणती हालचाल टिपतंय हे न विचारता आकडे शेजारी शेजारी मांडले गेले, म्हणून वाद इतका चिघळला.

रेणू हलतो म्हणजे काय होतं

पॉलिस्टायरीन आपल्या ओळखीचं आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. २०१८ च्या प्लास्टिकबंदीपर्यंत गणपतीची मखरं सर्रास त्याचीच असायची. संशोधकांना ते आवडतं ते मात्र वेगळ्या कारणांसाठी. त्याच्या हव्या त्या लांबीच्या, जवळजवळ एकसारख्या साखळ्या बनवता येतात. ते टोल्युइनमध्ये सहज विरघळतं. नेहमीच्या पॉलिस्टायरीनचे स्फटिकही होत नाहीत, त्यामुळे थंड करताना ते निमूटपणे काचरूप होतं. आणि सिलिकॉनशी त्याचं फारसं रासायनिक सख्य नाही. ही शेवटची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

रेणुभार एक लाख असलेल्या साखळीत साधारण ९६० कड्या असतात. अशी साखळी ताठ कधीच नसते. स्वतःभोवती वळसे घेत, शेजारणींमध्ये अडकत तिचा सैल गुंता होतो आणि त्या गुंत्याची त्रिज्या ९ नॅनोमीटरच्या घरात भरते. म्हणजे १० नॅनोमीटरच्या थरात हा गुंता पुरता मावतही नाही. त्याला चपटं व्हावं लागतं.

या साखळीच्या हालचाली दोन पातळ्यांवर होतात. एक, काही मोजक्या कड्यांच्या खंडाची: तो वळतो, जागा बदलतो, पुन्हा स्थिरावतो. दोन, अख्ख्या साखळीची. पियर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या चित्रानुसार लांब साखळी शेजारणींनी आखून दिलेल्या नळीतून आपल्याच लांबीच्या दिशेने सरकत जाते. काच-संक्रमणाचा, म्हणजे मऊ पदार्थ काचेसारखा कडक होण्याचा (ते ज्या तापमानाला होतं त्यालाही हेच म्हणतात), संबंध पहिल्या हालचालीशी आहे. पॉलिस्टायरीन थंड करत गेलं की एका खंडाला वळायला लागणारा वेळ वाढत जातो, आणि तो शंभर सेकंदांच्या आसपास पोहोचला की आपण म्हणतो, आता काच झाली. या टप्प्यावर मंदावण्याचा झपाटा विलक्षण असतो. तापमान तीनेक अंशांनी उतरलं की वेळ साधारण दहापट होतो. म्हणून २५ अंशांची घसरण किरकोळ समजू नये. तिचा अर्थ हालचालीच्या वेगात कोट्यवधी पटींचा फरक असा होतो.

खंड एकटा वळू शकत नाही, ही आणखी एक बाब. कीर्तनाला खच्चून भरलेल्या सतरंजीवर मधोमध बसलेल्या माणसाला उठायचं तर आजूबाजूच्या चौघांना सरकावं लागतं. कडेला बसलेला सहज उठतो. अ‍ॅडम आणि गिब्ज यांनी १९६५ मध्ये काचेच्या मंदपणाची अशीच मांडणी केली: हालचाल सामूहिक असते, आणि थंडी वाढेल तसा एकत्र हलावं लागणारा गट मोठा होत जातो. काच-संक्रमणाजवळ हा गट दोन-चार नॅनोमीटरचा असावा असे अंदाज आहेत. मग साहजिकच कोणालाही वाटणार की थरच जर या गटाच्या मापाजवळ आणला, तर गट मोठा व्हायला जागाच उरणार नाही आणि काच व्हायला उशीर लागेल. १९९१ मध्ये जॅक्सन आणि मॅकेना यांनी सूक्ष्म छिद्रांच्या काचेत कोंडलेल्या सेंद्रिय द्रवांचं काच-संक्रमण खाली सरकलेलं दाखवलं होतं. केडी, जोन्स आणि कोरी यांचा आकडा या अपेक्षेत चपखल बसला.

पण त्यांच्या निबंधात या उकलीला छेद देणारी गोष्ट सुरुवातीपासूनच होती. त्यांनी १,२०,००० पासून २९,००,००० पर्यंतच्या रेणुभाराच्या साखळ्या वापरल्या. गुंत्याचं माप रेणुभाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं, म्हणजे या दोन टोकांच्या गुंत्यांच्या मापात जवळजवळ पाचपट फरक. तरीही दोन्हींची घसरण सारखीच. साखळीचा गुंता दाबला जाण्यामुळे हे होत असतं, तर मोठ्या गुंत्यांच्या थरात घसरण कितीतरी आधी, कितीतरी जाड थरापासून सुरू व्हायला हवी होती. ती झाली नाही. या ओळीकडे तेव्हा जितकं लक्ष जायला हवं होतं तितकं गेलं नाही, असं मला वाटतं.

मोजणी जवळून

ही मोजणी कशी होते ते नीट पाहिल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये विरघळवतात आणि द्रावण गाळून घेतात. सिलिकॉनच्या चकतीवरचं नैसर्गिक ऑक्साइड हायड्रोफ्लोरिक आम्लाने काढून टाकलेलं असतं. त्या चकतीवर थोडं द्रावण टाकून ती मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी गरगर फिरवतात. टोल्युइन उडून जातं, मागे थर राहतो. द्रावण जितकं पातळ तितका थर पातळ. शंभर नॅनोमीटरचा थर चकतीच्या बदललेल्या रंगावरून ओळखू येतो. दहा नॅनोमीटरचा असेल तर चकती कोरीच आहे असं वाटतं. मग ती निर्वात भट्टीत १०० अंशांच्या बऱ्याच वर कित्येक तास ठेवतात, म्हणजे उरलंसुरलं टोल्युइन निघून जातं आणि फिरवताना ताणल्या गेलेल्या साखळ्या सैलावतात.

त्यानंतर एलिप्सोमीटर. ध्रुवित प्रकाश तिरका सोडायचा, परावर्तनानंतर त्याची ध्रुवणस्थिती किती बदलली ते मोजायचं आणि त्यावरून थराची जाडी काढायची. तापवताना थर फुगतो. काचरूपात तो कमी दराने फुगतो, मऊ झाल्यावर जास्त दराने. जाडी विरुद्ध तापमान असा आलेख काढला की रेषेला जिथे वळण येतं तिथे काच-संक्रमण.

आता आकड्यांत पाहू. चकतीला चिकटलेला थर आडवा पसरू शकत नाही, त्यामुळे सगळं फुगणं उभ्या दिशेने होतं. १० नॅनोमीटरचा थर १० अंशांनी तापवला तर काचरूपात त्याची जाडी साधारण ०.०१५ नॅनोमीटरने वाढते, मऊ अवस्थेत ०.०६ नॅनोमीटरच्या जवळपास. दोन कार्बन अणूंमधला साधा बंधच ०.१५ नॅनोमीटरचा असतो. म्हणजे अणूच्या अंशाएवढ्या वाढीतला फरक ओळखून वळण शोधायचं. हे शक्य होतं याचं कारण प्रकाशाचा ठिपका मिलिमीटरच्या मापाचा असतो आणि त्याखालच्या अब्जावधी रेणूंची सरासरी एकदम मिळते. पण थर पातळ होत जातो तसं ते वळण पसरट होतं. जाड थरात जिथे कोपरा दिसतो तिथे पातळ थरात नुसता बाक उरतो, आणि त्या बाकातून रेघ ओढून एकच तापमान काढावं लागतं. या एकाच आकड्याने पुढे सगळा घोळ घातला.

आधी पुष्टी, मग विरोध

पहिली शंका अर्थातच उरलेल्या टोल्युइनची. द्रावक शिल्लक असेल तर पॉलिमर मऊ पडतोच. पण पातळ थरातून द्रावक उलट लवकर निघतं, आणि जास्त वेळ तापवूनही घसरण नाहीशी होत नव्हती. इतर प्रयोगशाळांनी क्ष-किरण परावर्तन, चमकणारे रेणू अशा वेगवेगळ्या पद्धतींनी तेच पाहिलं. १९९६ मध्ये जेम्स फॉरेस्ट, कारी डालनोकी-व्हेरेस, जॉन डचर आणि सहकाऱ्यांनी तर खालची चकतीच काढून टाकली. पॉलिस्टायरीनचा थर दोन्ही बाजूंनी मोकळा, एका भोकावर ताणून बसवलेला. लांब साखळ्यांच्या अशा थरात २९ नॅनोमीटरलाच काच-संक्रमण ७० अंशांनी खाली आलेलं आढळलं. चकतीवरच्या तेवढ्याच जाडीच्या थरात घसरण त्यामानाने अगदी थोडी असते.

हा निकाल बोलका होता. थराची जाडी तीच ठेवून एक बाजू मोकळी केली आणि परिणाम अनेक पटींनी वाढला. पुढे कमी लांबीच्या साखळ्यांच्या ताणलेल्या थरांत असंही दिसलं की दोन मोकळ्या बाजू असलेला थर हा एक मोकळी बाजू असलेल्या निम्म्या जाडीच्या थरासारखा वागतो. मध्यातून कापून दोन अर्धे केल्यासारखं. प्रत्येक मोकळी बाजू आपला हिस्सा टाकते आणि हिशेब जुळतो.

इथवर सगळं एका दिशेने चाललं होतं. मग विरोधी निकाल आले, आणि ते हलक्या हातांनी केलेल्या कामातून आलेले नव्हते. २००३ मध्ये येफ्रेमोव्ह, अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म उष्मामापक वापरून काही नॅनोमीटरपर्यंतच्या थरांची उष्माधारिता मोजली. काच-संक्रमण जाडीप्रमाणे सरकलेलं त्यांना आढळलं नाही. लायप्झिगमध्ये फ्रिडरिश क्रेमर यांच्या गटाने आलटून पालटून विद्युतक्षेत्र लावून खंडांची हालचाल थेट टिपली. त्यांनाही ५ नॅनोमीटरपर्यंतच्या पॉलिस्टायरीनमध्ये खंड जाड तुकड्यातल्याच वेगाने वळताना दिसले. २०१३ मध्ये तर याच गटाने दुसऱ्या एका पॉलिमरच्या, पॉलिव्हिनिलपिरिडीनच्या, चकतीवर एकेकट्या पडलेल्या साखळ्या मोजल्या. एका साखळीचा एक गुंता, शेजारी कोणी नाही. तरीही बहुतेक खंडांचा वेग जाड तुकड्याइतकाच.

दोन्ही बाजूंना नावाजलेली माणसं, काटेकोर प्रयोग, आणि परस्परविरोधी उत्तरं. काही वर्षं परिषदांमध्ये एकमेकांच्या नमुन्यांवर शंका घेण्यात गेली: तुमच्याकडे प्राणवायूने साखळ्या तुटल्या असतील, तुमच्या धातूच्या पट्टीमुळे थर बिघडला असेल. यातल्या काही शंका खऱ्याही होत्या. पण मूळ अडचण नमुन्यांत नव्हती.

झाकण ठेवलं तेव्हा

माझ्या मते या प्रकरणाला वळण देणारा प्रयोग २००३ चा. शार्प आणि फॉरेस्ट यांनी पॉलिस्टायरीनच्या थरावर धातूचं झाकण चढवलं, म्हणजे मोकळी बाजू बंद केली. थर तितकाच पातळ, साखळ्या तितक्याच दाबलेल्या, उलट आता दोन्हीकडून. जागेच्या अपुरेपणाने घसरण होत असेल तर ती टिकायला हवी होती. ती नाहीशी झाली. ८ नॅनोमीटरच्या थरातही काच-संक्रमण जाड तुकड्याच्या जागीच राहिलं.

झाकणाच्या प्रयोगावर आक्षेप घेतले गेले. तापलेल्या धातूची वाफ मऊ पदार्थावर बसवताना पृष्ठभागाला इजा होऊ शकते, कोणता धातू आणि कसा चढवला यावर उत्तर बदलू शकतं. हे मान्य केलं तरी प्रयोगाचा तर्क पक्का आहे, कारण तो जाडी आणि पृष्ठभाग या दोन कारणांना वेगळं करतो. त्याआधीच्या बहुतेक प्रयोगांत ही दोन्ही एकत्रच बदलत होती.

त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात क्रिस्टोफर एलिसन आणि जॉन टॉर्केल्सन यांनी थराच्या आत डोकावण्याची युक्ती काढली. पायरीन नावाचा चमकणारा रेणू पॉलिस्टायरीनच्या साखळ्यांना थोड्या प्रमाणात जोडायचा, आणि अशा खूण केलेल्या साखळ्यांचा पातळ थर बिनखुणेच्या थरांच्या चवडीत हव्या त्या खोलीवर बसवायचा. चमक फक्त त्या थरातून येते, म्हणजे तिथलंच काच-संक्रमण कळतं. जाड चवडीच्या अगदी वर, हवेला लागून असलेल्या १४ नॅनोमीटरच्या थरात ते ३२ अंशांनी खाली निघालं. खोलवरच्या थरात नेहमीचं. एकाच चवडीत, एकाच तापमानाला वरचा थर मऊ आणि खालचा काचेसारखा. याचा अर्थ 'या थराचं काच-संक्रमण किती?' हा प्रश्न अपुरा होता. कोणत्या खोलीवर, हे विचारायला हवं होतं.

तरीही ही सगळी मोजणी आडवाटेची होती: फुगणं, चमक, प्रकाश. पृष्ठभाग खरोखर हलतो हे डोळ्यांनी पाहायचं तर काय करावं? वॉटर्लू विद्यापीठात झहरा फखराई आणि फॉरेस्ट यांनी २००८ मध्ये केलेला प्रयोग मला फार सुंदर वाटतो. पॉलिस्टायरीनच्या पृष्ठभागावर सोन्याचे नॅनोकण ठेवायचे आणि थोडं तापवून त्यांना अर्धवट रुतू द्यायचं. मग पारा वापरून सोनं विरघळवून टाकायचं. पाऱ्यात सोनं मिसळतं हे आपल्याकडच्या सराफांनाही ठाऊक आहे. पॉलिस्टायरीनला मात्र पारा काही करत नाही. मागे राहतात काही नॅनोमीटर खोल, एकसारखे गोल खड्डे. मग तापमान ठरवून अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई त्यावरून पुन्हा पुन्हा फिरवायची आणि खड्डे भरत येतात का ते पाहायचं.

पदार्थ पूर्ण काच असेल तर खड्डा तसाच राहायला हवा. तो भरत होता. काच-संक्रमणाच्या कितीतरी खाली, खोलीच्या तापमानाच्याही खालपर्यंत, पृष्ठभागाची हालचाल सुरूच होती. आणि थंडी वाढेल तसा तिचा वेग कमी होत असला तरी आतल्या पदार्थासारखा कोसळत नव्हता. ९५-१०० अंशांच्या जवळ पृष्ठभाग आणि गाभा यांचे वेग एकमेकांना येऊन मिळत होते. खाली जाताना ते दूर दूर होत गेले. २०१० मध्ये ओफेलिया त्सुई आणि सहकाऱ्यांनी आखूड साखळ्यांच्या थरांच्या वाहण्यावरून ही पृष्ठभागाची चपळ पट्टी दोनेक नॅनोमीटरचीच असल्याचं दाखवलं. २०१४ मध्ये आणखी एका गटाने थरावर पायरी करून ती कशी सपाट होते ते पाहिलं: काच-संक्रमणाच्या वर संपूर्ण थर वाहतो, खाली फक्त वरची पातळ कातडी.

दोघेही बरोबर कसे?

आता विरोधी निकालांकडे परत येऊ. फखराई आणि फॉरेस्ट यांनी त्याआधी २००५ मध्ये आणखी एक साधा प्रयोग केला होता: तेच थर, तोच एलिप्सोमीटर, फक्त थंड करण्याचा वेग बदलायचा. मिनिटाला एखाद्या अंशाने थंड केलं तर पातळ थराची घसरण ठळक दिसते. वेग मिनिटाला शंभर अंशांच्या घरात नेला की पातळ आणि जाड थरांचं काच-संक्रमण जवळजवळ एकच येतं.

हे कोडं नाही. वेगाने थंड करताना काच वरच्या तापमानाला बनते, जिथे पृष्ठभाग आणि गाभा यांच्या वेगांत मुळातच फरक नसतो. सावकाश थंड केलं की आपण खालच्या तापमानाच्या पट्ट्यात उतरतो, जिथे पृष्ठभाग गाभ्याला मागे टाकतो. येफ्रेमोव्ह यांचा उष्मामापक सेकंदाला हजारो अंश तापवत होता. विद्युतक्षेत्राच्या पद्धतीत खंडांची हालचाल प्रामुख्याने काच-संक्रमणाच्या वर, सेकंदाच्या अंशांत मोजली जाते. शिवाय ती सगळ्या खंडांची गोळाबेरीज देते. दोन नॅनोमीटरच्या कातडीतले खंड वेगळे वागले तरी गाभ्यातल्या बहुसंख्य खंडांपुढे ते झाकले जातात. एलिप्सोमीटर मात्र समतोल, म्हणजे तापमानाबरोबर रेणूंची मांडणी जुळत राहणं, कुठे सुटतो हे टिपतो. एकाने 'समतोलात असताना खंड किती वेगाने वळतो' हे विचारलं, दुसऱ्याने 'थंड होताना पदार्थ समतोलाला कधी मुकतो' हे. जाड तुकड्यात या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांना धरून असतात, म्हणून ते दोन वेगळे प्रश्न आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही. पातळ थरात ती फारकत घेतात.

सोनं की ऑक्साइड

वरच्या कडेचं झालं. खालच्या कडेची गोष्ट थोडक्यात, कारण ती आधीच बऱ्यापैकी उघड होती. केडी, जोन्स आणि कोरी यांनी १९९४ मध्येच दुसरा पॉलिमर घेतला, पॉलिमिथाइल मिथाक्रिलेट, ज्याला बाजारात आपण अ‍ॅक्रिलिक म्हणतो. सोन्यावर त्याचं काच-संक्रमण पातळ थरात खाली गेलं. सिलिकॉनच्या नैसर्गिक ऑक्साइडवर वर चढलं. ऑक्साइडच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट या पॉलिमरच्या एस्टर गटांशी हायड्रोजन बंध करतात. बांधला गेलेला खंड स्वतः मंदावतो आणि शेजाऱ्यांनाही धरून ठेवतो. पॉलिव्हिनिलपिरिडीन ऑक्साइडवर याहून घट्ट बसतं; त्याच्या पातळ थरांत काच-संक्रमण २० ते ५० अंशांनी वर गेलेलं १९९६ मध्येच नोंदलं गेलं होतं. जाडी तीच, परिणाम उलटा. जागेची टंचाई हेच कारण धरलं तर याचा अर्थ लावताच येत नाही.

यात काळाचाही हात आहे. ब्रसेल्सचे सिमोने नापोलितानो आणि लूव्हनचे मिखाएल व्युबेनहोर्स्ट यांनी २०११ मध्ये दाखवलं की पॉलिस्टायरीनचे थर काच-संक्रमणाच्या वर दीर्घकाळ तापवत ठेवले तर साखळ्या हळूहळू चकतीला चिकटत जातात, आणि चिकटलेला थर जसा वाढतो तसं जाड तुकड्यापासूनचं वेगळेपण विरत जातं. म्हणजे एका प्रयोगशाळेने थर दोन तास भाजला आणि दुसरीने दोन दिवस, तर दोघांचे आकडे वेगळे येणारच, आणि त्यात चूक कोणाचीच नाही. कित्येक जुन्या निबंधांतल्या आकड्यांची तुलना करताना भट्टीत ठेवण्याचा काळ आधी पाहावा, असा माझा आग्रह असतो.

साखळीची लांबी परत येते

लांब साखळ्यांच्या ताणलेल्या थरातली ती ७० अंशांची घसरण मात्र नुसत्या चपळ कातडीने समजावता येत नाही. तिथे घसरण रेणुभारावर अवलंबून होती, चकतीवरच्या थरांत तसं कधीच नव्हतं. द जेन यांनी २००० मध्ये एक कल्पना मांडली: दोन्ही टोकांना मऊ पृष्ठभागाला स्पर्श करणारा साखळीचा भाग आपल्याच लांबीच्या दिशेने सरकू शकेल, आणि त्या सरकण्याने गाभ्यातही हालचाल पोहोचेल. कल्पना देखणी आहे. आकड्यांशी ती पूर्णपणे जुळत नाही.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात जस्टिन पाय आणि कॉनी रॉथ यांनी अशाच ताणलेल्या थरांतून आरपार प्रकाश पाठवून अधिक रुंद तापमान-पट्ट्यात मोजणी केली, आणि त्यांना एका थरात दोन वळणं सापडली. वरचं वळण ठळक, रेणुभाराची पर्वा न करणारं, चकतीवरच्या थरांच्या कुळातलं. खालचं फिकट, आणि रेणुभाराप्रमाणे सरकणारं. १९९६ पासून ज्याला थराचं काच-संक्रमण म्हटलं जात होतं त्याच्या पोटात दोन वेगळ्या यंत्रणा होत्या. मला यात समाधान एवढंच वाटतं की जुनी मोजणी खोटी ठरली नाही. ती ज्या खिडकीतून केली होती ती अरुंद होती.

याची पर्वा कोणाला असावी

चिप बनवताना प्रकाशसंवेदी पॉलिमरच्या ज्या उभ्या रेघा कोरल्या जातात, त्यांची रुंदी आता पन्नास नॅनोमीटरच्याही खाली आली आहे. अशा रेघेला दोन मोकळ्या बाजू असतात. तिची कातडी चपळ असेल तर रेघ मुळातच लवचीक, आणि धुतल्यानंतर वाळताना द्रवाच्या पृष्ठताणाने ती वाकून शेजारणीवर कोसळते. टायरच्या रबरात मिसळलेल्या सिलिकाच्या कणांभोवती याच्या उलट घडतं: कणाला चिकटलेला रबराचा थर मंदावतो, आणि टायरची मजबुती व झीज बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते.

वायू वेगळे करणाऱ्या पडद्यांचं उदाहरण मला अधिक विचार करायला लावतं. पॉलिसल्फोनसारख्या पॉलिमरच्या या पडद्यांत वायू निवडण्याचं काम करणारी कातडी शे-दोनशे नॅनोमीटरची असते. तिचं काच-संक्रमण जाड तुकड्याहून वेगळं नसतं. तरीही ती जाड तुकड्यापेक्षा कितीतरी लवकर जुनी होते: आतली रिकामी जागा आकसत जाते आणि वायूचा प्रवाह महिन्यामहिन्याला घटतो. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात प्फ्रॉम आणि कोरोस यांनी १९९५ मध्येच याची नोंद केली होती. अभियंत्याने फक्त काच-संक्रमणाचा तक्ता पाहून 'हा थर जाड तुकड्यासारखाच आहे' असं ठरवलं, तर पडद्याच्या आयुष्याचा त्याचा अंदाज पार चुकेल.

आणि कडेचा प्रभाव किती खोल जातो, हा प्रश्न तर अजून ताजा आहे. रॉथ यांच्याच प्रयोगशाळेत रोमन बॅग्ले यांनी २०१५ मध्ये पॉलिस्टायरीन एका मऊ पॉलिमरला, पॉलिब्युटाइल मिथाक्रिलेटला, चिकटवून जोडलं आणि पायरीनच्या खुणेने एकेक खोली तपासली. दोन्ही पॉलिमर एकमेकांत जेमतेम सात नॅनोमीटर मिसळतात. पण मऊ शेजाऱ्याची चाहूल पॉलिस्टायरीनमध्ये २२५ ते २५० नॅनोमीटर आतपर्यंत पोहोचलेली होती. त्यानंतरच त्याचं काच-संक्रमण १०० अंशांवर परतलं. दोन-चार नॅनोमीटरच्या सामूहिक गटावर उभी असलेली कोणतीही मांडणी एवढं अंतर देत नाही. हवेला लागून असलेल्या मोकळ्या पृष्ठभागाचा पल्ला याच्या जवळपासही जात नाही, म्हणजे दोन पॉलिमरमधल्या सीमेत असं काहीतरी आहे जे हवेच्या सीमेत नाही. सध्या त्या शोधात रॉथ यांच्या गटासह अनेक जण सीमा किती रुंद आहे, ती भट्टीत कशी जुळून आली आणि दोन्हीकडचे पदार्थ कितपत कडक आहेत, हे एकेक बदलून पाहत आहेत.